स्वभावाला औषध नाही?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३३ आणि ३४

परवा रात्री लॅपटॉपवर ऑफिसचं काम चालू होतं, तेवढ्यात आईचा फोन आला. "जेवलीस का?" असं तिने तिसऱ्यांदा विचारलं आणि मी खेकसले. ती "बरं, ठेवते" म्हणाली. फोन बंद झाल्यावर मनात पहिलं काय आलं? "काय करणार, मी बाबांवर गेलेय. तापटच आहे." स्वभावाला औषध नाही, म्हणतात ना!

सकाळी नित्यपाठात नेमके हे दोन श्लोक आले. ३३व्या श्लोकात भगवंत सांगतात की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो. तिथे नुसता निग्रह काय करणार? खरं सांगू, मला बरंच वाटलं. बघा, देवच म्हणतोय! पण पुढच्याच श्लोकात ते सांगतात की प्रत्येक इंद्रियाच्या विषयात राग आणि द्वेष ठाण मांडून बसलेत, त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस. (इथे 'राग' म्हणजे संताप नव्हे, ओढ. एक आवडतं, एक नावडतं.)

आता गंमत बघा. सगळं प्रकृतीच करत असेल, तर "जाऊ नकोस" हे कोणाला सांगितलं? ज्याच्या हातात काहीतरी आहे, त्यालाच असं सांगता येतं.

मानसशास्त्रातही हा वाद जुना आहे. बी. एफ. स्किनर यांनी १९७१ साली 'बियाँड फ्रीडम अँड डिग्निटी' या पुस्तकात मांडलं की आपलं वागणं परिस्थिती आणि पूर्वी मिळालेली फळं घडवतात. आत बसून स्वतंत्रपणे ठरवणारा कोणी नाही.

मग १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना सांगितलं होतं : वाटेल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवावंसं कधी वाटलं ते समोरच्या तबकडीवर बघून सांगा. हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली. "आता हलवावं" ही जाणीव मात्र सुमारे ०.२ सेकंद आधीची! म्हणजे इच्छा कळायच्या आधीच मेंदू कामाला लागलेला. या प्रयोगाच्या अर्थावर अजून वाद आहेत, आणि मनगट हलवणं म्हणजे काही आयुष्याचा निर्णय नव्हे. पण स्वतः लिबेट यांनी इच्छास्वातंत्र्य संपलं असं म्हटलं नाही. ऊर्मी सुरू करणं हातात नसेलही, पण जाणीव झाल्यावर तिला नकार द्यायला थोडी जागा उरते, असं त्यांचं मत होतं.

प्रयोगाने गीता सिद्ध झाली, असं मला म्हणायचं नाही. पण त्या एवढ्याशा जागेने मला ३४वा श्लोक समजला. चिडचिड उठणं, हा ३३वा श्लोक. तोंड उघडायच्या आधीचा क्षण, हा ३४वा. मी खेकसले तेव्हा तो क्षण होता. मी तो वापरला नाही.

आणि आपण हे दोन श्लोक नेहमी उलटे लावतो. स्वतः चुकलो की ३३वा : "माझा स्वभावच असा." दुसरा चुकला की ३४वा : "त्याला स्वतःला आवरता येत नाही का?" अदलाबदल करून बघूया. आई तीनदा विचारते, ती तिची प्रकृती, काळजीने घडलेली. तिथे ३३वा लावायचा. माझ्यासाठी ३४वा.

आजचा अभ्यास : सहाव्या अध्यायात भगवंत मन आवरायला अभ्यास आणि वैराग्य सांगतात. अभ्यास म्हणजे रोज, थोडं थोडं. स्किनर यांचं म्हणणंही इथे कामाला येतं : परिस्थिती वागणं घडवते ना, मग ती आपणच थोडी बदलायची. मी ठरवलंय, आईचा फोन आला की आधी लॅपटॉप मिटायचा, एक श्वास, एकदा नाम, मग "हॅलो".

काल रात्री तिने पुन्हा विचारलं. म्हटलं, "हो आई, जेवले. तू?"

तुमचा ३४वा श्लोक आज कुठे भेटेल, तेवढं बघून ठेवा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.