बालकांतील तमकश्वास : स्थलांतरितांच्या घरांतील निदाने

तमकश्वासाच्या बालरुग्णाची माहिती घेताना आपण आहार, ऋतू व कुलवृत्तांत विचारतो; परंतु मूल ज्या खोलीत झोपते तिच्याविषयी क्वचितच विचारतो. या उणिवेकडे वैद्यबंधू-भगिनींचे व औषधालयचालकांचे लक्ष वेधणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

याबाबत अमेरिकेतील निरीक्षणे बोधप्रद आहेत. मेक्सिकोत जन्मून अमेरिकेत आलेल्यांपेक्षा अमेरिकेतच जन्मलेल्या मेक्सिकन वंशीयांत दम्याचे प्रमाण अधिक आढळते. रोग ओळखला जाण्यातील फरक यास काही अंशी कारण असू शकेल; तथापि केवळ बीजदोषाने याचा उलगडा होत नाही. निवासाचाही विचार करावा लागतो.

तेथील महानगरांच्या गरीब वस्त्यांतील दमाग्रस्त ४७६ बालकांचा अभ्यास १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ही सर्व कुटुंबे परदेशातून आलेली नव्हती. परंतु नवागत कुटुंबेही बहुधा अशाच जुन्या, दाटीच्या, भाड्याच्या घरांत आसरा घेतात. सुमारे ३७ टक्के बालकांना झुरळांची अॅलर्जी होती व निम्म्या शयनगृहांच्या धुळीत झुरळांचे अॅलर्जीकारक अंश मोठ्या प्रमाणात आढळले. ज्यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, त्यांना रुग्णालयात दाखल करण्याचे वार्षिक प्रमाण ०.३७, तर इतरांत ०.११ होते.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९३७ बालकांच्या अभ्यासात गादी-उशांना आवरणे, झुरळांचा बंदोबस्त, धूम्रपानापासून दूर ठेवणे इत्यादी उपाय एक वर्ष केले गेले. त्या वर्षी दर पंधरवड्यातील लक्षणांचे दिवस ४.२० ऐवजी ३.३९ इतके राहिले. घट माफक खरी. पण ती दुसऱ्या वर्षीही टिकून होती.

आपल्याला हा विचार नवा नाही. चरकाचार्यांनी श्वासाच्या निदानांत रज, धूम व शीत स्थान यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय. मुंबई-ठाण्यात कामधंद्यासाठी येऊन एका खोलीत स्वयंपाक, निजणे व देवपूजा करणाऱ्या कुटुंबांत ही तिन्ही निदाने एकत्र नांदतात.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. काश्यपसंहितेत धूपकल्प आहे, म्हणून श्वासग्रस्त बालकाच्या बंद खोलीत धूपन करणे योग्य ठरत नाही. औषधी द्रव्यांचा धूर हाही धूरच होय. डासांच्या कॉइलबाबत तर २००३ च्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचे दिसून आले. तेव्हा अशा घरी धूपवटी, उदबत्ती वा कॉइल देण्यापूर्वी औषधालयचालकांनी चौकशी करावी, आणि कॉइलऐवजी मच्छरदाणी सुचवावी.

पालकांना पुढील सूचना द्याव्यात :

१. अंथरूण-पांघरूण दर आठवड्यास कढत पाण्यात धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे. धुळीतील सूक्ष्म कीटक ओलाव्यावर वाढतात.

२. उष्टे-खरकटे रात्रभर ठेवू नये. फटी बुजवाव्यात. झुरळांसाठी फवारणीऐवजी जेल वापरावे. फवाऱ्याने श्वास भडकू शकतो.

३. कोरड्या केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. झाडताना मुलास बाहेर ठेवावे.

४. घरात कोणीही धूम्रपान करू नये.

भाडेकरूस भिंतीची ओल स्वतः दुरुस्त करता येत नाही, याची जाणीव ठेवावी. निदान अंथरूण ओल्या भिंतीपासून दूर ठेवण्यास तरी सांगावे.

चालू असलेला इनहेलर आपल्या औषधासाठी बंद करावयास लावू नये. मुलास सलग बोलता न येणे, बरगड्यांमधील भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. इनहेलर वारंवार विकत नेणाऱ्या पालकांना औषधालयचालकांनी मुलाची पुन्हा तपासणी करून घेण्यास सांगावे. रुग्णपत्रकात ‘निजण्याची खोली’ असा एक रकाना वाढवावा, अशी आमची सर्वांना विनंती आहे.