जठरव्रणावर ज्येष्ठमध घेताना

जठराच्या आतील अस्तरावर श्लेष्म्याचा पातळ थर असतो आणि तोच या अस्तराला जठरातील आम्लापासून राखतो. हे संरक्षण दुबळे पडून अस्तरात खोलवर जखम झाली की तिला जठरव्रण, रोजच्या बोलण्यात अल्सर, म्हणतात. त्यावर ज्येष्ठमधाचे चूर्ण दुधातून घेण्याचा घरगुती उपाय निराधार नाही. एफ. ई. रेव्हर्स या डच डॉक्टरांनी १९४६ मध्ये ज्येष्ठमधाच्या अर्काचा व्रणावरील गुण नोंदवला, तो काही रुग्णांच्या अंगावर आलेल्या सुजेच्या नोंदीसकट. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या माहितीतून नेमकी ही दुसरी नोंद गळून गेली आहे.

ज्येष्ठमधाला गोडी देणारे ग्लिसिऱ्हायझिन हे द्रव्य मूत्रपिंडातील एका विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, अडवते. त्यामुळे शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब चढतो. प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांच्या बाबतीत हा क्रम जवळून पाहता आला. रक्तदाबाची गोळी चालू असतानाच त्यांनी रोज दोन वेळा चूर्ण घेतले, पोटातली आग शमली, पण संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर खोल उमटू लागला आणि जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या. झाडपाल्याला औषध मानण्याची सवय नसल्याने चूर्णाविषयी डॉक्टरांना कोणी सांगितलेच नव्हते. रक्तातील पोटॅशियम उतरल्याचे दिसल्यावर ते विचारले गेले.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी हे चूर्ण टाळावे. इतरांनीही ते आठवडेच्या आठवडे चालू ठेवू नये. ग्लिसिऱ्हायझिन काढून टाकलेले ज्येष्ठमधही मिळते, तेही डॉक्टरांना सांगूनच घ्यावे.

याहून मोठा धोका आग शमण्यातच आहे. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना १९८२ मध्ये पर्थ येथे वाढवता आलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू बहुसंख्य व्रणांच्या मुळाशी असतो (या शोधाला २००५ चे नोबेल मिळाले), आणि त्याचा निचरा करण्यासाठी प्रतिजैविके व आम्लरोधक औषधे ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावीच लागतात. वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेल्या व्रणात त्या गोळ्यांचाच फेरविचार करावा लागतो. म्हणून चूर्णाआधी श्वासाची, शौचाची किंवा दुर्बिणीची तपासणी व्हावी. शौच डांबरासारखे काळे व चिकट झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, परंतु ती शंका डॉक्टरांनीच फेडायची असते.