काचबिंदू : गेलेली नजर येत नाही, राहिलेली राखता येते



नजर अधू झाली की घरोघर एकच बोलणे होते : "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू." मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते, ते बदलले की पुन्हा दिसते. काचबिंदूत मात्र डोळ्यामागची नस सुकत जाते, आणि सुकलेली नस कोणत्याही औषधाने हिरवी होत नाही. म्हणून येथे वाट पाहणे हाच मोठा धोका.

डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होते व बारीक जाळीतून निघून जाते. चारी गाळाने तुंबली की पाणी फुगते, तसा जाळी तुंबली की डोळ्यातील दाब वाढतो व नस दबते. साधारण दाब १० ते २१ धरतात. पण काहींची नस तेवढ्या दाबातही खराब होते. म्हणून दाबाबरोबर नस आणि नजरेचा घेरही तपासावा लागतो.

बहुतेकांना काही दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचे दिसत राहते, त्यामुळे पत्ताच लागत नाही. म्हणून चाळिशी उलटलेल्यांनी तपासणी करून घ्यावी. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, मधुमेह असेल, डोळ्याला पूर्वी मार लागला असेल, तर अवश्य. उसाचे पाते लागून डोळा लाल झाला म्हणून दुकानातून थेंब आणून घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असले आणि ते फार दिवस घातले, तर दाब वाढू शकतो.

उपचार तीन, आणि तिन्हींचे काम दाब उतरवणे :

१) थेंब : रोज, ठरल्या वेळी. बरे वाटते म्हणून बंद करू नयेत. दमा असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. टिमोलॉलचे थेंब दमेकऱ्याला चालत नाहीत.

२) लेसर : २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात लेसरने सुरुवात केलेल्या चारांपैकी सुमारे तिघांना तीन वर्षांनंतरही थेंब लागले नव्हते.

३) शस्त्रक्रिया : एवढ्याने भागले नाही तर पाण्याला नवी वाट करून देतात.

डोळा एकाएकी लाल होऊन भयंकर ठणकला, ओकारी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आमचे आग्रहाचे सांगणे एवढेच : डोळ्यांची तपासणी हंगाम संपेपर्यंत लांबवू नका.