निंबोल्याचा इतिहास विहिरींना विचारावा

१६०१ साली अकबराने असीरगड घेतला, १८१९ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि २००३ साली बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला, हे आमचे विद्यार्थी पाठ म्हणून दाखवितात. परंतु गडाच्या पायथ्याकडील निंबोल्याचा शेतकरी कशावर जगला, हे त्यांस सांगता येत नाही. त्याचे उत्तर पाण्यात आहे.

सातपुड्यावरचा पाऊस जमिनीत मुरतो व उताराने तापीकडे झिरपतो. हे ओळखूनच १६१५ च्या सुमारास खानखानान अब्दुर्रहीम यांच्या काळी कुंडी भंडारा बांधला गेला. भुयारातून, केवळ उताराने, पाणी बऱ्हाणपूर शहरास मिळाले. शेतकऱ्याने त्याच पाण्यासाठी विहीर खणली व मोट जुंपली. बैल थकत, म्हणून विहिरीलाही विसावा मिळे. पुढे विजेचे पंप आले, कूपनलिका आल्या. ज्वारी-कापसाच्या मुलखात केळी बहरली, घरे पक्की झाली, मुले शिकली. हा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र पंप थकत नाही आणि केळीची तहान वर्षभराची असते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे: आपली विहीर कोणी खणली? पाणी किती हातांवर लागले? मोट केव्हा सुटली? आज पाणी किती खोल आहे? पटवाऱ्याच्या खसऱ्यातून जुनी पिके ताडून पाहावीत. अशा वह्या जमल्या तर गावाचा खरा इतिहास तयार होईल. ठिबक सिंचन व पाणी मुरविणारे बांध यांची निकड मग निराळी समजावून सांगावी लागणार नाही.