लिनोकट पाहताना

भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पाने नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सजविली, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. त्याच्या कितीतरी आधी, १९३० साली, मुलांना अक्षरओळख करून देणारे रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘सहज पाठ’ हे बंगाली पुस्तक निघाले. त्यातील चित्रेही नंदलालांचीच. ती लिनोकट पद्धतीची आहेत.

लिनोलियम ही मुळात घरात जमिनीवर अंथरावयाची वस्तू. घट्ट केलेल्या जवसाच्या तेलात बुचाचा भुसा व राळ मिसळून ते मिश्रण तागाच्या कापडावर थापतात. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच्याच तेलातून झाडाचे चित्र उमटते, ही गंमत विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. कोरणीने जेवढा भाग काढला तेवढा कागदावर पांढरा राहतो. जो राखला तो शाई धरतो. चित्र उलटे उमटते आणि निघालेला कपचा पुन्हा बसत नाही. त्यामुळे ताडाची झावळीन्‌झावळी रंगवीत बसण्याची येथे सोय नाही. मोजक्या ठाम घावांत ताड ओळखू आला पाहिजे. म्हणून असे चित्र पाहताना दृष्टी प्रथम पांढऱ्या जागेकडे न्यावी. चित्रकाराचा हात तेथे फिरलेला असतो.

‘सहज पाठा’चे मोल आमच्या मते आणखी एका गोष्टीत आहे. त्याच्या पहिल्या भागात अक्षरेच माणसे होऊन होडी वल्हवतात, ओझी घेऊन बाजारास जातात, दिवसभर भात कापतात, बैलगाडी हाकतात. आपल्या शाळांतून निसर्गचित्र म्हटले की दोन डोंगर, मधला सूर्य, नदी आणि एक झोपडी. त्या झोपडीत कोणी राहत नाही, त्या शेतात कोणी राबत नाही. येथे तसे नाही. मात्र शेत कोणाचे आणि कापणारा कोण, हे पुस्तक सांगत नाही. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याचे शेत कसले आणि पाटी हाती धरली नाही, त्या मुलांनी हा प्रश्न वर्गात विचारावा. शिक्षकाने तो टाळू नये.

लिनोलियम न मिळाल्यास अर्धा बटाटाही चालतो. त्यावर पिंपळाचे पान कोरावे. आधी केवळ शिरा कोरून त्या पांढऱ्या ठेवाव्यात. मग दुसऱ्या बटाट्यावर तेच पान शिरा राखून, मधला सारा भाग काढून करावे. दुसऱ्या पानाला वेळ फार लागतो, आणि बारीक शिरा हमखास तुटतात.