टसरचा पतंग व ऐनाचे रान

गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा जिल्ह्यांतील वनाजवळच्या गावी कोसा सर्वांस परिचित असतो. परंतु तो निर्माण करणारा पतंग फारच थोड्या मुलांनी पाहिलेला असतो. हा जीव निशाचर आहे आणि पतंगरूपात अवघे काही दिवस जगतो. खाण्याजोगे तोंडच त्यास नसते. अळी असताना साठविलेल्या पोषणावर त्याचा निर्वाह होतो. नर बहुधा तांबूस तपकिरी, तर मादी पिवळसर वा करडी असते. चारही पंखांवर एकेक पारदर्शक गोल ठिपका असतो.

अंड्यांतून आठ-दहा दिवसांत अळ्या निघून ऐन व अर्जुन यांची पाने खातात. मगरीच्या पाठीप्रमाणे भेगाळलेली साल ही ऐनाची खूण मुलांस प्रत्यक्ष झाडाजवळ नेऊनच दाखवावी. अळी चार वेळा कात टाकते. कोश विणण्यापूर्वी ती डहाळीभोवती रेशमाची कडी करते, कडीपासून देठ काढते व त्या देठाशी कोश बांधते. यामुळे पान गळाले तरी कोश खाली पडत नाही. अळीची ही योजना पाहून मोठी माणसेही थक्क होतात.

तुतीच्या रेशमाचा किडा घरात वाढतो. टसरची अळी मात्र उघड्या झाडावर वाढते. पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या व उझी माशी यांपासून तिचे रक्षण करावे लागते. आरमोरीकडील ढिवर कुटुंबे हे काम परंपरेने करीत आली आहेत. अशा घरचा विद्यार्थी राखणीस गेल्यामुळे गैरहजर राहिला, तर हजेरीपटावर नुसती फुली मारून थांबू नये. चुकलेला अभ्यास भरून घ्यावाच. शिवाय या पाठाच्या वेळी त्यासच प्रथम बोलू द्यावे. पुस्तकात नाही असे पुष्कळ त्यास ठाऊक असते.

पाठासाठी प्रत्येक मुलास कोश आणण्यास मात्र सांगू नये. पतंग बाहेर पडताना कोशाचे टोक ओले करून धागे बाजूस सारतो. मग अखंड सूत निघत नाही. म्हणून सुताचे कोश पतंग निघण्यापूर्वीच वाफवितात व निवडक कोश बियाण्यासाठी राखतात. चाळीस मुलांनी चाळीस कोश आणले, तर कोणाचे तरी बियाणे जाते. वर्गास एक भरलेला व एक फुटका कोश पुरे.

भरलेला कोश शाळा उघडताच जाळीच्या पेटीत व्हरांड्यात टांगावा. मादी निघाल्यास तिच्या गंधाने रानातील नर रात्री येऊन जाळीवर बसण्याचा संभव असतो. त्या सकाळी घंटा होण्यापूर्वीच मुलांस व्हरांड्यात बोलवावे व सर्वांचे पाहून झाल्यावर पेटी उघडी ठेवावी.