पाठ ९ : गोट्या, बस!

"आई, आपण कुत्रा आणू या ना!" असा हट्ट तुमच्यापैकी किती जणांनी केलाय? आमच्या मुलीने दोन वर्षं केला. शेवटी गेल्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीतल्या एका शेल्टरमधून दीड वर्षाचा गोट्या घरी आणला. त्याच्या कार्डावर 'हाय एनर्जी' असं लिहिलं होतं. मला वाटलं, खेळकर असेल.

खरा अर्थ चार दिवसांत कळला. गोट्याने एक उशी, दोन चपला आणि माझ्या लॅपटॉपचा चार्जर कुरतडला. चार्जर तर माझी मीटिंग चालू असताना! मुलगी बॅकयार्डमध्ये पळायला लागली की तो मागे धावायचा आणि तिच्या टाचेला दात लावायचा. एकदा रक्त आलं. त्या रात्री आम्ही ठरवलं, रविवारी त्याला परत देऊन यायचं. मुलगी न जेवता झोपली.

तुम्ही काय केलं असतं? लगेच उत्तर देऊ नका, पुढे वाचा.

शनिवारी एक ट्रेनरबाई आल्या. म्हणाल्या, "हा निदान अर्धा तरी कॅटल डॉग आहे." ही जात ऑस्ट्रेलियात गुरं हाकण्यासाठी तयार झाली. गाय हलत नसेल तर हे कुत्रे तिच्या टाचेला हलकेच चावतात, म्हणून त्यांना 'हीलर' म्हणतात. गोट्या रागावलेला नव्हता. आमच्याकडे गुरं नाहीत, म्हणून बिचारा मुलीला हाकत होता! बाईंनी तिला सांगितलं, तो मागे लागला की पळू नकोस, 'स्टॅच्यू' हो. खांबामागे धावण्यात कसली मजा?

मग त्यांनी विचारलं, "याला बसायला सांगताना तुम्ही काय म्हणता?" मी म्हणायचो 'सिट'. बायको 'बस'. मुलगी 'सिट, सिट, सिट!' आणि आजी, म्हणजे माझी आई, "बस बरं बाळा खाली, शहाणा ना तू!" आता सांगा, त्याने कुणाचं ऐकायचं?

आम्ही फ्रिजवर कागद चिकटवला : बस, थांब, ये, सोड. शब्द मराठीच ठेवले, कारण दिवसभर त्याच्याजवळ आजी असते. शब्द एकदाच म्हणायचा आणि वाट बघायची. तो बसला की एक-दोन सेकंदांत खाऊ. उशीर झाला तर खाऊ कशाबद्दल मिळाला, हे त्याला कळत नाही. सकाळी साडेसहाला फिरणं, मग जेवण, मग क्रेटमध्ये झोप. शिकवणी पाचच मिनिटांची, पण दिवसातून तीनदा. जेवणही वाटीत न देता गुंडाळलेल्या टॉवेलमध्ये लपवायचं, म्हणजे नाकाला काम मिळतं. (तासभर फिरून दमत नाही, पण या टॉवेलने दमतो!) आजीच्या शिऱ्यावर मात्र बंदी आली. त्यात बेदाणे असतात. बेदाणे, द्राक्षं, कांदा आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतात. आजी दोन दिवस रुसली होती.

एक गंमत झाली. मराठीत 'बस' म्हणजे 'पुरे' सुद्धा. मी फोनवर वैतागून "बस झालं आता!" म्हणालो, तर गोट्या समोर बसून खाऊची वाट बघतोय! आता आम्ही सगळे 'पुरे' म्हणतो. पाहुण्यांना "बसा, बसा" म्हटलं तरी तो बसतोच. त्यावर उपाय सापडलेला नाही.

तो रविवार गेला आणि गोट्या घरीच राहिला. शेल्टरची माणसं एक ढोबळ अंदाज सांगतात : ३ दिवस बिचकण्याचे, ३ आठवडे सवयीचे, ३ महिन्यांनी घर आपलं वाटतं. आम्हाला जास्त लागले. पार्सलचा ट्रक दिसला की तो अजूनही भुंकतो. पण परवा मुलगी पळत होती, गोट्या मागे धावला, ती थांबली आणि म्हणाली, "बस." एकदाच. तो बसला. शेपटी मात्र गवतावर आपटत होती.

शब्दार्थ
टाच – पावलाचा मागचा भाग
गुरं – गाई, म्हशी, बैल
हाकणे – मागून पुढे चालवणे
कुरतडणे – दातांनी थोडं थोडं तोडणे
रुसणे – रागावून न बोलणे

करून बघा
१. गोट्याला 'बस', पाहुण्यांना 'बसा'. तसंच 'थांब', 'ये' आणि 'सोड' ही पाहुण्यांना कशी म्हणाल?
२. तुमच्या घरी आजीला 'ये' म्हणतात की 'या'? आणि आजोबांना? घरी विचारून लिहा.
३. रविवारी गोट्याला परत नेलं असतं तर ते चूक ठरलं असतं का? तुमचं मत चार वाक्यांत लिहा.